पदवी झाली, नोकरी नाही: सोलापूरच्या पदवीधरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले की अभ्यासिकेच्या ग्रुपवर तेच प्रश्न नव्या नावांनी येतात. विचारणारे बहुतेक बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.वाले असतात, इंजिनिअर त्यामानाने कमी. उत्तरंही त्यामुळे त्यांना धरूनच लिहिली आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वयोमर्यादा आणि योजनांचे नियम बदलत असतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी मूळ जाहिरात स्वतः वाचा. मित्राने वाचली आहे, एवढ्यावर भागवू नका.

१. निकाल लागला. पहिल्या महिन्यात नेमकं काय करू?

कागद गोळा करा. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, उत्तीर्ण प्रमाणपत्र आणि कॉलेज सोडल्याचा दाखला कॉलेजातून घ्या. अधिवास, जात, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) ही प्रमाणपत्रं सेतूतून काढा. दीक्षान्त समारंभाच्या अर्जाची तारीख कॉलेजच्या ऑफिसात विचारून ठेवा, नाहीतर पदवी प्रमाणपत्र हवं असतं त्याच आठवड्यात केगावला विद्यापीठात हेलपाटे सुरू होतात.

मग दहावीची सनद, आधार आणि पॅन शेजारी ठेवून नाव अक्षरन् अक्षर जुळवा. सोलापुरात हा घोळ जरा जास्तच आहे. तेलुगू आणि कन्नड आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाने लिहून घेतलेलं असतं. फरक दिसला तर आधार आणि पॅन दहावीच्या सनदेप्रमाणे करून घ्या. सनदच बदलायला निघालात तर वर्ष जाईल. नाव खरोखर बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नोंद करावी लागते, तो अर्ज ऑनलाइन होतो.

हे सगळं मुलाखतीचं बोलावणं येण्याआधी झालेलं बरं.

२. सोलापुरात नोकऱ्याच नाहीत असं सगळे म्हणतात. खरं का?

अर्धं खरं आहे. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं आता आजोबांच्याच तोंडी उरली. हजारो माणसं एका भोंग्यावर आत घेणारी नोकरी त्या गिरण्यांबरोबर गेली आणि तिच्या जागी तेवढं मोठं काही आलं नाही. आयटीचं म्हणाल तर पोरं हिंजवडी-खराडीलाच जातात.

पण बाकीचं अर्धंही बघा. सोलापूर हे दवाखान्यांचं गाव झालं आहे. धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूरकडचे पेशंट इथे येतात. प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलला बिलिंगला, मेडिक्लेमच्या डेस्कला, रेकॉर्ड सांभाळायला माणसं लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर बसणारा आरोग्यमित्र तुम्ही पाहिला असेलच. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेल्यांसाठी चिंचोळी एमआयडीसी आणि पुढे तामलवाडीकडे रसायन कंपन्या आहेत, तिथे क्यूसीत (मालाच्या दर्जाच्या तपासणीत) किंवा प्रॉडक्शनला सुरुवात होते. साखर कारखान्यांत लॅब केमिस्ट, शेतकी विभाग, वजनकाटा, अकाउंट्स अशी कामं निघतात. त्यातली बरीच हंगामी असतात, कारण गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यात संपतं. साखरेतच राहायचं ठरवलं तर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे अभ्यासक्रम बघा. अक्कलकोट रोडच्या टॉवेलवाल्यांकडे आणि शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडे डिस्पॅच, निर्यातीची कागदपत्रं, गिऱ्हाइकाशी मेलवर बोलणं ही कामं करणारा माणूस सहज मिळत नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार. बी.कॉम.वाल्यांना सीए आणि कर सल्लागारांची ऑफिसं आहेत. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, त्या दिवसांत तिथे हात कमीच पडतात.

अडचण अशी, की यातल्या बहुतेक जागांची जाहिरातच येत नाही. एक माणूस सोडून जातो आणि मालक असलेल्या माणसांनाच सांगतो, कुणी असलं तर बघा. हे ओळखीवर चालणारं गाव आहे. ज्याची ओळख नाही त्याने ती करून घ्यावी लागते, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन बायोडाटा द्यायचा, कुणाच्या हातात दिला ते लिहून ठेवायचं आणि पंधरा दिवसांनी फोन करायचा. पोरं नेमका हा फोन करत नाहीत.

३. पगार किती असेल तर हो म्हणावं?

आकडा कोणत्या नावाने सांगितला ते आधी बघा. सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चात, कंपनीचा पीएफचा वाटा आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, ते पैसे महिन्याला हातात येत नाहीत. हातात येणाऱ्या पगारातून तुमचा पीएफ, म्हणजे मूळ पगाराच्या १२ टक्के, आणि व्यवसाय कर जातो. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. २१,००० पर्यंतच्या पगाराला ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) लागू होत असेल तर थोडी कपात होते, पण घरच्यांच्या दवाखान्याची सोयही होते. कटिंग नको म्हणून ते सोडायची विनंती करणारे आहेत. करू नका.

माझं मत विचाराल तर पहिल्या नोकरीत हजार-दोन हजारांपेक्षा पगार बँकेत जमा होतो का, स्लिप मिळते का, हे महत्त्वाचं. दुकानात रोख पगारावर दोन वर्षं राबलेला मुलगा पुढच्या मुलाखतीत काहीच दाखवू शकत नाही. त्याचा अनुभव खरा असतो, पण कागदावर तो बेकारच दिसतो.

४. मग पुण्यालाच का जाऊ नये?

जावं की. पण हिशेब मांडून जावं. समजा सोलापुरात हातात १४,००० येतात आणि पुण्यात २२,०००. कॉट बेसिसवरची जागा, मेस, बसचा पास, महिन्या-दोन महिन्यांनी गावाकडची खेप आणि आधी भरायचं डिपॉझिट वजा करा. बऱ्याचदा सोलापूरवालाच पुढे असतो. पुण्याचा फायदा दुसऱ्या वर्षी सुरू होतो. तिथे नोकरी बदलता येते, पगार त्या उडीत वाढतो. इथे बदलायला दुसरी कंपनीच नसते. तेव्हा पुण्याला जायचं तर किमान दोन वर्षांच्या बोलीने जा. चार महिन्यांत परत येणार असाल तर डिपॉझिट आणि उमेद दोन्ही जातात.

हातात काही नसताना बॅग भरून निघू नका. मुलाखती एका-दोन दिवसांत लागोपाठ लावा, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जा, काम झालं की परत या. नोकरी पक्की झाली की जागा बघा, तीही ऑफिसच्या बाजूची. हडपसरला राहून हिंजवडीला जाणारा माणूस दिवसाचे तीन-चार तास रस्त्यावर घालवतो.

मुलींच्या घरच्या अडचणींबद्दल प्रश्न १४ पाहा.

५. घरी तेलुगू बोलतो, मित्रांत कन्नड. याचा नोकरीला काही उपयोग होतो का?

होतो, आणि बायोडाट्यात हे कुणीच लिहीत नाही. शहराच्या पूर्व भागात वाढलेला मुलगा मराठी, हिंदी, तेलुगू सहज बोलतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्याला कन्नड येतं. हैदराबाद आणि बेंगळुरूच्या ग्राहक सेवा केंद्रांत, बँकांच्या वसुली आणि विक्री विभागांत, औषध कंपन्यांच्या सीमेलगतच्या टेरिटरीत अशा माणसांची विचारणा असते. सोलापूरहून दोन्हीकडे थेट रेल्वे आहे, पण आपल्या पोरांच्या डोक्यात पुण्यापलीकडे गावच नाही.

भाषा लिहिताना बोलता येते की वाचता-लिहिताही येते, हे वेगळं लिहा. घरच्या तेलुगूची लिपी येत नसेल तर तसं सांगा. मुलाखतीत ते दोन मिनिटांत कळतंच.

६. एमपीएससी करू की नोकरी करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आधी प्रमाण बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर आले. एका जागेमागे दोनशेहून अधिक. त्यात तुम्ही हुशार नाही असा याचा अर्थ होत नाही. हुशार, कष्टाळू, नीट तयारी केलेली बरीच मुलंही बाहेर राहणार, एवढाच अर्थ होतो. त्यांनी पुढे काय करायचं, हे क्लासच्या फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं.

राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ आहे. ही सवलत म्हणून दिलेली आहे, पण पोरांचं नुकसान बहुतेक तिच्यामुळेच होतं. अजून वय आहे, असं म्हणत तिशी येते. पीएसआयला मर्यादा कमी, खुल्या गटाला ३१ आणि मागास प्रवर्गांना ३४. बँकेच्या क्लार्कला खुल्या गटासाठी २८. म्हणजे राज्यसेवेचं दार उघडं दिसत असताना बाकीची दारं मागच्या मागे बंद होत जातात आणि आपलं लक्ष नसतं.

माझं सरळ मत असं. घरची शेती, भाडं किंवा कुणाचा पक्का पगार असेल तर पूर्ण वेळ तयारी करा, पण तारीख ठरवून. ती तारीख लिहा आणि घरी सांगा. घरी कमावणारं एकच माणूस असेल तर अर्धा दिवसाचं का होईना काम धरा. सकाळी अभ्यासिका आणि दुपारनंतर काम असं करणारी मुलं इथे आहेत. पूर्ण वेळवाल्यांपेक्षा ती फार मागे असतात असं मला दिसलेलं नाही, कारण पूर्ण वेळवाल्यांचे बारा तास मोजायला बसलं तर त्यात चहाच्या टपरीचे तीन निघतात.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. फक्त पर्यायांना गोल करायची सवय असलेल्यांनी आधी रोज दोन पानं हाताने लिहून बघावीत. तेवढ्यानेच बऱ्याच जणांना आपण कुठे आहोत ते कळतं. गट ब आणि गट क चा अभ्यास बराचसा सारखा आहे, सोबत सरळसेवा आणि बँकांचे फॉर्म भरत राहा. मराठी ३० आणि इंग्रजी ४० चं टायपिंग करून ठेवा. लिपिक-टंकलेखकाला लागतं, आणि काहीच झालं नाही तरी ऑफिसात कामाला येतं.

७. तयारीसाठी पुण्यात सदाशिव पेठेत जावं लागतं का?

नाही. पुस्तकं तीच, प्रश्नपत्रिका त्याच. पुण्यात टेस्ट सिरीज आणि मुलाखतीची तयारी चांगली मिळते हे खरं, तेव्हा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलात तर त्या काही महिन्यांसाठी जा. पूर्वपरीक्षेच्या आधीपासून खोलीचं भाडं भरू नका. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या मुलांना मोफत प्रशिक्षण आणि काही योजनांत विद्यावेतन देतात. खुल्या प्रवर्गातल्या दुर्बल घटकांसाठी अमृत ही संस्था आहे. त्यांच्या चाळणी परीक्षांच्या तारखांवर लक्ष ठेवा.

८. तयारीत वर्षं गेली. आता मुलाखतीत गॅपचं काय सांगू?

खरं सांगा, दोन वाक्यांत. कोणत्या परीक्षा दिल्या, कुठपर्यंत पोचलो, कधी थांबवलं. मुलाखत घेणाऱ्याला महाराष्ट्रात स्पर्धा परीक्षा काय असते ते माहीत असतं, बहुतेकदा त्याच्या घरातही एक असतो. तुम्ही आत आल्यावर पुन्हा फॉर्म भरून निघून जाल का, एवढीच त्याची शंका असते. त्याचं उत्तर तयार ठेवा.

खोटा अनुभव दाखवू नका. कंपन्या यूएएनवरून, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरावरून, मागच्या नोकऱ्या तपासतात.

९. सर, इंग्रजी बोलता येत नाही. सगळं तिथेच अडतं.

सगळं अडत नाही. प्रश्न २ मधली बरीच कामं मराठी-हिंदीत चालतात, फक्त मेल आणि एक्सेल इंग्रजीत असतं. तेव्हा बोलण्याआधी लिहिणं पक्कं करा. चौकशीचा, पैसे आले नाहीत याच्या आठवणीचा, सुट्टीचा, माल निघाल्याचा, असे रोजच्या कामाचे मेल स्वतः लिहून कुणाकडून तपासून घ्या. मुलाखतीसाठी स्वतःबद्दल एक मिनिट बोलायचं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकायला लाज वाटते, पण उपयोग होतो.

महागडा क्लास लावण्याआधी प्रश्न १२ वाचा.

१०. एटीकेटी होत्या, टक्के पंचेचाळीस-पन्नास. कुणी घेईल का?

एमपीएससीच्या बहुतेक पदांना पदवी लागते, टक्के नाही. खासगीतही पहिल्या नोकरीनंतर गुणपत्रिका क्वचितच कुणी बघतं. मोठ्या कंपन्यांच्या कॅम्पसला ६० टक्क्यांची अट असते, तो रस्ता सोडून द्या. एखादा विषय अजून राहिला असेल तर मात्र बाकी सगळं बाजूला ठेवून तो काढा. पदवी अपूर्ण म्हणजे कागदावर बारावी.

११. अप्रेंटिस किंवा सरकारी कार्यप्रशिक्षण घेण्यात अर्थ आहे का? पुढे कायम करतात का?

कायम करतील या आशेवर घेऊ नका, अनुभवाचा दाखला मिळतो म्हणून घ्या. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली पदवीधरांनाही जागा असतात. २०१९ च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिन्याला ९,००० होतं. बँकाही अप्रेंटिस घेतात. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. ती १८ ते ३५ वयोगटासाठी, पदवीधरांना १०,००० विद्यावेतन. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती, पुढे पाच महिने वाढवली. नोंदणी राज्याच्या महास्वयम पोर्टलवर होते. त्यात शासकीय कार्यालयांत लागलेल्या अनेकांना वाटलं की आता आपण सरकारी झालो. तसं नव्हतं, आणि मुदत संपल्यावर फार वाईट वाटून घेतलं पोरांनी.

एक बारकावा: कायद्याखालची अप्रेंटिसशिप एका आस्थापनेत पूर्ण केली की त्याच गटात दुसरीकडे पुन्हा करता येत नाही. म्हणून घाईत कुठलीही धरू नका.

१२. शंभर टक्के जॉब गॅरंटीचा कोर्स करू का? आणि नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला पैसे द्यावे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, लॅपटॉपचं डिपॉझिट, मेडिकल, कुठल्याही नावाने खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. रेल्वेत किंवा झेडपीत सेटिंग आहे म्हणणारा भेटला तर एवढंच लक्षात ठेवा, की बनावट नेमणूक पत्र घेऊन ऑफिसच्या दारात तो उभा राहत नसतो, तुम्ही राहता. देणाराही गुन्ह्यात अडकू शकतो.

घरबसल्या डेटा एंट्रीचा सापळा वेगळा आहे. काम देतात, चुका काढतात आणि करार मोडला म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून हजारो रुपये मागतात. पोरं घाबरून, घरी न सांगता भरतात. भरू नका, उत्तरही देत बसू नका. मेसेज जपून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त.

कोर्सचं म्हणाल तर गॅरंटी लेखी मागा आणि मागच्या बॅचच्या मुलांचे नंबर मागा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की समजायचं. टॅली, जीएसटी, अॅडव्हान्स एक्सेल यांसाठी महिना-दोन महिन्यांचा साधा कोर्स आणि एखाद्या कर सल्लागाराकडे बसणं, एवढं पुरतं.

१३. वडील म्हणतात घरचं दुकान सांभाळ. यंत्रमागवाले मात्र म्हणतात, तू यात पडू नको. काय करावं?

दोन्ही घरांत खरं बोललं जातंय. ज्यांनी मागावर आयुष्य काढलं, कानाचे पडदे गमावले, त्यांना मुलाने तिथे उभं राहू नये असं वाटणारच. पण शिकलेल्या मुलाला मागावर उभं राहायची गरज नाही, खरी कमतरता विकण्याच्या बाजूला आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि तरी सोलापुरी म्हणून बाहेरचा माल खपतो. माल ओळखणारा, फोटो काढून विकणारा, पैसे वसूल करणारा माणूस घरात हवा असतो. राज्याबाहेर ऑनलाइन विकायचं तर जीएसटी नोंदणी लागते, तेवढं आधी करून घ्या.

एक वर्ष धंद्यात काढून बघायचं तर पगार ठरवून घ्या, बापाकडून असला तरी. नाहीतर ते वर्ष नोकरीतही धरलं जात नाही आणि धंद्यातही.

नवीन काही टाकायचं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रातून पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती घ्या. पीएमईजीपीत अनुदान प्रवर्ग आणि ठिकाण बघून १५ ते ३५ टक्के असतं, पण ते हातात मिळत नाही. तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, मग कर्जात वळतं होतं. हप्ते थकले तर अनुदानही जातं. अनुदानासाठी धंदा काढणाऱ्यांची मशिनं गोण्यांखाली झाकलेली बघायला मिळतात.

१४. घरचे म्हणतात, नोकरी कर पण सोलापुरातच. पुण्याला पाठवत नाहीत. लग्नाचंही बघायलेत.

वाद घालून हे सुटत नाही. घरच्यांची भीती सहसा नोकरीची नसते, राहायचं कुठे आणि यायचं किती वाजता याची असते. तेव्हा ऑफर हातात आल्यावर राहण्याची जागा, ऑफिसची वेळ, सोबत कोण मैत्रीण आहे हे ठरवून मगच विषय काढा. आई-वडिलांना एकदा जागा दाखवून आणा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षित वाहतुकीची सोय लागते. हे मुलाखतीत विचारायला लाजू नका.

सोलापुरातच राहायचं ठरलं तर हॉस्पिटल, सीए ऑफिस, पतसंस्था, शाळा असे रस्ते आहेत. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरताना मात्र पोस्टिंग दूरचं मिळू शकतं, हे घरी आधीच सांगा. निवड झाल्यावर रुजू न होऊ शकलेल्या मुली इथे आहेत, आणि त्यांच्याशी बोलणं सोपं नसतं.

लग्नानंतर नाव बदललं तर प्रश्न १ मधला घोळ पुन्हा सुरू होतो. नोकरीच्या कागदांवर माहेरचं नाव ठेवायला कायद्याची आडकाठी नाही.

१५. रिकामं बसण्यापेक्षा एम.ए. किंवा बी.एड. करू का?

रिकामं बसवत नाही, एवढंच कारण असेल तर नको. दोन वर्षांनी हाच प्रश्न घेऊन याल, वय दोन वर्षांनी वाढलेलं असेल. प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट किंवा सेट लागते, आणि त्यानंतरही अनेक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काढतात. बी.एड. दोन वर्षांचं आहे. पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. शिकवायची खरोखर आवड असेल तर करा. त्याआधी सहा महिने एखाद्या शाळेत किंवा क्लासमध्ये शिकवून बघा.

नोकरी करत बाहेरून पदव्युत्तर शिक्षण घेणं मात्र चांगलं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी चालत नाही, असं अजून कुणीतरी सांगत असतं. चालते. ते राज्याच्या कायद्याने १९८९ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ आहे.

१६. "काय करायलास सध्या?" असं विचारणाऱ्यांना काय सांगू?

गड्ड्याच्या यात्रेत असा एक तरी काका भेटतोच. "तयारी करालोय" म्हटलं की पुढचे दहा प्रश्न येतात. काहीतरी ठरावीक सांगा: अमुक ऑफिसात बसतो, अमुक महिन्यात परीक्षा आहे. मग काका आपल्या गुडघ्याकडे वळतो.

चेष्टा बाजूला. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल तर तो आळस नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा फोन मोफत आहे, मराठीतही बोलतात. मित्राची अशी अवस्था दिसली तर त्याच्या वतीने तुम्हीही फोन करू शकता.

१७. राज्याचं नॉन-क्रिमिलेअर केंद्राच्या परीक्षेला चालतं का? मराठा उमेदवारांनी काय लावायचं?

नाही. केंद्राच्या भरतीला, म्हणजे स्टाफ सिलेक्शन, रेल्वे, बँका यांना, केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं आणि जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. राज्याच्या यादीत आहे पण केंद्राच्या नाही, अशा जाती आहेत. सेतूत अर्ज करताना कोणता नमुना हवा ते स्पष्ट सांगा.

मराठा समाजाला २०२४ च्या राज्य कायद्याने दिलेलं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण फक्त राज्याच्या भरतीत आहे. केंद्रात तेच उमेदवार खुल्या गटात येतात आणि निकषात बसत असतील तर ईडब्ल्यूएस घेऊ शकतात. कुणबी प्रमाणपत्र असेल तर ओबीसीचे नियम लागू होतात. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षापुरतंच असतं. गेल्या वर्षीचं जोडून कागदपत्र पडताळणीत बाद झालेले दरवर्षी भेटतात.

१८. शेवटच्या वर्षाला असताना फॉर्म भरता येतो का?

राज्यसेवा पूर्वपरीक्षेला भरता येतो, मुख्य परीक्षेच्या अर्जापर्यंत पदवी हातात हवी. बँका आणि स्टाफ सिलेक्शनमध्ये जाहिरातीतल्या तारखेपर्यंत निकाल लागलेला असावा लागतो. निकाल एका दिवसाने उशिरा लागला तरी चालत नाही. गुणपत्रिकेवरची निकालाची तारीख बघायची, हातात मिळाल्याची नाही.

१९. कंपनी मूळ कागदपत्रं ठेवून घेते आणि बाँड लिहून मागते. सही करू का?

मूळ कागदपत्रं देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवली की दुसरी नोकरी मिळूनही जाता येत नाही, आणि अडकवणाऱ्याचा हेतू तोच असतो. आधीच दिली असतील तर मेलवर लेखी मागणी करा, पोच ठेवा. दाद मिळाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सल्ला मोफत मागता येतो.

बाँड कायद्याने टिकतच नाही असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षं सेवा नाहीतर दोन लाख रुपये ही अट वैध धरली. अट वाजवी असावी लागते, पण वाजवी म्हणजे किती हे ठरवायला कोर्टात जायची तुमची तयारी आहे का, ते बघा. रक्कम, मुदत आणि कंपनीनेच काढून टाकलं तर काय, या तीन गोष्टी वाचल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या चेकवर तर नाहीच.

२०. रुजू होऊन महिनाही झाला नाही, काम जमत नाही. सोडलं तर पीएफचं काय?

पहिला महिना सगळ्यांनाच नकोसा जातो, तेव्हा घरी बोलून तीन महिने काढता येतात का बघा. छळ होत असेल, पगारच देत नसतील किंवा काम सांगितल्यापेक्षा भलतंच असेल तर थांबू नका. सोडताना एकाएकी, काही न सांगता कामावर जायचं थांबवू नका. मेलवर राजीनामा द्या, नोटीसचे दिवस पाळा, रिलीव्हिंग लेटर घ्या.

यूएएन एकदा निघाला की आयुष्यभर तोच. नव्या नोकरीत तोच नंबर द्या. दुसरा काढला तर पुढे दोन्ही जोडत बसावं लागतं. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटचा वाटा जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती ईपीएफओच्या पोर्टलवर स्वतःला टाकता येते. मात्र त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा.